एक वीत आणि दोन बोटं

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. मला एकसष्ट पुरी होऊन बासष्टावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात मी लोकरीचा स्वेटर विणला. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथंच हसून घ्यावं, पुढं सवड मिळणार नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीही पास नाही. ज्या बाळासाठी तो स्वेटर विणला ती नात आता पाचवीत आहे, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त शिकली. तिच्याच जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय. शुद्धलेखन तीच बघणार आहे.

चौतीस वर्षं मी फौंड्रीत मोल्डर होतो. मोल्डर म्हणजे काळ्या मातीत साचा बसवणारा. लाकडी नमुना मातीत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. माझ्या हातचा साचा सहसा फुकट जायचा नाही. हे मी लोकांना सांगायचो, कुणी विचारलं नाही तरी. रिटायर झालो, हात घासून घासून धुतले, पण तळहाताच्या रेघा काळ्या त्या काळ्याच राहिल्या.

घर मंगळवार पेठेत. दोन खोल्या, पुढं कट्टा, मागं परडं. परडं म्हणजे दोन खाटा मावतील एवढी जागा, पण त्यात मी काय लावलं नव्हतं? दोडक्याचा मांडव, वांगी, मिरची, कढीपत्ता, भिंतीला शेवगा आणि बायकोच्या हट्टापायी दोन मोगरे. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं, सहाला जायचं. तेवढ्यात बॅरल भरून झाडांना द्यायचं. रिटायर झाल्यावर तीच माझी पहिली पाळी.

विणकाम मात्र बायकोचं. नवी नवरी असताना गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंकडून ती शिकली आणि मग आमच्या गल्लीत जन्मलेल्या एकाही पोराचं डोकं तिच्या टोपऱ्यातनं सुटलं नाही. पुस्तक नाही, टेप नाही. तिचं माप म्हणजे तिचा उजवा हात. अंगठा आणि करंगळी ताणायची आणि विणलेल्यावर ठेवायची. "तान्ह्याला लांबी एक वीत आणि दोन बोटं. सहा महिन्याच्याला दीड वीत," असं तिचं गणित. दुकानदार इंच सांगायला लागला की ती त्याच्याकडं दया आल्यासारखी बघायची.

लेक आमची एकच, वारणानगरला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. ते कळलं त्याच दिवशी बायको महाद्वार रोडला जाऊन सायीच्या रंगाची लोकर घेऊन आली. सहा वर्षं ती ह्या स्वेटरासाठी थांबली होती. तोंडानं कधी बोलली नाही, पण मला काय कळत नव्हतं काय? फक्त सातवा लागल्याशिवाय सुयांना हात लावायचा नाही, असं ती मानायची.

आणि रंगपंचमी झाल्यावर दोन दिवसांनी ती पडली. शेवग्याच्या शेंगा काढायला स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं आणि उजव्या हातावर सगळा भार आला. मनगट बघता बघता सुजलं. शेजारची काकू ओरडत आली. "दादा, रिक्षा आणते. दवाखान्यात चला."

मी म्हणालो, "दवाखाना न्हाय. हाड बसवणाऱ्याकडं जायचं."

ह्याला कारण होतं. फौंड्रीत एकदा माझं बोट साच्याच्या पेटीखाली चेंगरलं होतं. डॉक्टर म्हणाला कापावं लागेल. मी तसाच उठलो आणि कागलच्या पुढं एका खेड्यात पैलवानांची हाडं बसवणारा एक म्हातारा होता त्याच्याकडं गेलो. त्यानं बोट वाचवलं. तेव्हापासून दवाखान्याचं नाव निघालं की मी बोट वर करून दाखवायचो. घरातल्यांनी ते बोट इतक्या वेळा बघितलं होतं की त्यांना त्याचा कंटाळा आला होता.

त्या म्हाताऱ्यानं बायकोचा हात चाचपला आणि भुवई चढवली. म्हणाला, "पावणं, ह्याचा आधी फोटो काढून आणा. मनगटाचं काम हाय. आत काय झालंय बघूया."

मी म्हणालो, "फोटो-बिटो कशाला? तुमच्या हातावर माझा भरवसा हाय. बसवा तुमी."

तो दोनदा म्हणाला. मी दोनदा न्हाय म्हणालो. मग त्यानं हात ओढून बसवला. बायकोनं पदर दातात धरला होता, तोंडातनं हू का चू काढलं नाही. लेप, बांबूच्या कामट्या आणि वर घट्ट कापड. पाच आठवडे ठेवा म्हणाला. येताना एसटीत मी तिला म्हणालो, "बघ, दोन तासात काम झालं." ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

चैत्रात लेक बाळंतपणाला आली. सातवा सरत आला होता. आली आणि आईचा हात बघून दारातच उभी राहिली. ते सगळं बोलणं इथं लिहीत नाही. शेवटी मी बोट दाखवलं आणि ती आत निघून गेली.

आता घरात दोघी बायका, एकीचा हात बांधलेला आणि एकीला वाकता येत नाही. उन्हाळ्याची कामं तर कुणासाठी थांबत नाहीत. वर्षाची चटणी करायची, तिच्या मिरच्या वाळवायच्या, सांडगे घालायचे, लोणच्याला कैऱ्या फोडायच्या. बायको जोत्यावर बसून हुकूम सोडायची आणि मी करायचो. भाकरी लेक थापायची, पीठ मी मळून द्यायचो. फौंड्रीची माती मळल्यासारखं मळताय, हळू मळा, असं दोघी एकदमच म्हणायच्या.

ह्या सगळ्यात लोकरीची पिशवी खुंटीला तशीच. बायको दुपारी ती काढायची, एक लडी मांडीवर घ्यायची, डाव्या हातानं जरा कुरवाळायची आणि परत ठेवायची. एक दिवस मी मिरच्यांची देठं काढत होतो आणि ती लेकीला म्हणाली, "ह्यावेळी बाजारातनंच आणूया. मिळत्यात की आता चांगले."

माझ्या हातातली मिरची तशीच राहिली. आमच्या घरचं पहिलं नातवंड आणि बाजारातला स्वेटर घालणार? मी म्हणालो, "सुया दे हिकडं. मी विणतो."

लेक हसली. बायको मात्र हसली नाही. म्हणाली, "तुमी?"

"का? इंजिनाच्या ब्लॉकचा साचा बसवलाय म्या. दोन काड्या हलवायला काय लागतंय?"

काय लागतंय ते दुसऱ्या दिवशी कळलं. सुया हातातनं निसटायच्या, टाका गळायचा, गळलेला उचलायला जावं तर शेजारचे तीन पळून जायचे. बायको समोर बसून सांगायची, "दोरा म्होरं घ्या. आता सुई मागनं घाला. मागनं म्हंजे मागनं. ते म्होरं झालं." तिला हात लावता यायचा नाही. तिची डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलायची. हात बांधलेला माणूस दुसऱ्याला विणायला शिकवतो तेव्हा त्याच्या जिवाची किती तगमग होते, ते मी तेव्हा बघितलं. चिडायची, पण सुयांवर. म्हणायची, "सुयाच जड हायत ह्या."

कट्ट्यावर बसून विणायची माझी छाती झाली नाही. गल्लीतनं फौंड्रीतले जुने लोक जायचे. मी परड्यात दोडक्याच्या मांडवाखाली पोत्यावर बसायचो. चार दिवस निभलं. पाचव्या दिवशी भिंतीवरनं शेजारच्या काकूचं डोकं वर आलं.

"काय वं दादा, दोडक्याला थंडी वाजाय लागली व्हय?"

मी विणकाम पोत्याखाली सारलं. "लोकर सोडवतोय. गुंता झालाय."

"व्हय की. गुंता दिसतोयच. तो खालनं चौथ्या ओळीत टाका गळलाय तुमचा." आणि गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. चार दिवस माझ्याकडं बघून लोक दोन बोटं एकमेकांवर घासायचे. मग त्यांना दुसरं काहीतरी मिळालं. पण मी मांडवाखालीच बसत राहिलो, कारण तिथं सावली होती. दुसरं कारण नव्हतं.

सगळ्यात मोठं लफडं मिरच्यांनी केलं. दिवसभर मिरच्या चाळल्या आणि हात पाण्यानं धुऊन तसाच विणायला बसलो. रात्री जेवताना लेकीनं सहज विणलेला तुकडा गालाला लावून बघितला आणि गाल धरून ओरडली. मिरचीचा तिखटपणा लोकरीत उतरला होता. बायको माझ्यावर पहिल्यांदाच एवढी चिडली. "आवं, तान्ह्या जिवाच्या अंगाला लागणार ते! कळतंय का न्हाय काय?" केलेलं सगळं उसवलं. लोकर रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली, सावलीत वाळवली. तेव्हापासून नियम झाला. विणायच्या आधी हाताला तेल, मग बेसन, मग साबण, कोपरापर्यंत. आणि बायको एक एक बोट तपासून बघणार. ती तपासायची तेव्हा तळहाताच्या काळ्या रेघांवर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "ह्या काय जायच्या न्हाईत. चालतंय. लोखंड अंगाला चांगलं असतंय."

मग दिवस असा बसला. साडेचारला पाणी आणि झाडं. सातला पीठ. दुपारपर्यंत घरातलं काय ते. जेवण झालं की हात धुण्याची परीक्षा आणि विणकाम. उन्हं उतरली की परत परडं. दोन्हीकडं लक्ष पुरायचं नाही. एकदा ओळ पुरी करायच्या नादात मोगऱ्यांना दोन दिवस पाणीच घातलं नाही. कळ्या काळ्या पडून गळाल्या. दोडके वेलीवरच जून होऊन घासणीसारखे झाले. उलट कधी पाणी चालू असताना डोक्यात टाकेच चालायचे, दोन सुलट, दोन उलट, आणि वांग्यांच्या वाफ्यात तळं. बायको जोत्यावरनं म्हणायची, "वांगी पोहायला लागली बगा." पण मला आतनं बरं वाटायचं. रिटायर झाल्यापासून कुणी माझी वाट बघत नव्हतं. आता पाण्याला, झाडाला, लोकरीला आणि दोन बायकांना एकदमच माझी गरज होती.

आता माझी चूक सांगतो. लपवली होती, पण आज लिहायलाच बसलोय तर लिहितो.

लोखंडाचा रस थंड झाला की आकसतो. म्हणून फौंड्रीतला नमुना नेहमी मापापेक्षा थोडा मोठा करतात. हे चौतीस वर्षं माझ्या हाडात बसलेलं. बायको म्हणाली, मागच्या भागाला साठ टाके घाला. मी मनात म्हटलं, लोकर आहे, धुतल्यावर आकसणार, हिला काय ठाऊक? मी अडुसष्ट घातले. तिला सांगितलं नाही. पुढच्या दोन भागांनाही प्रत्येकी चार चार जास्त. ती टाके मोजायची नाही, माझ्यावर सोडलं होतं. लांबीचं माप मात्र हात मोकळा झाल्यावर ती रोज घ्यायची.

अक्षय्य तृतीयेला हाताचं कापड सोडलं. मी स्वतः सोडलं, देवापुढं बसून. कामट्या निघाल्या आणि हात दिसला. मनगटावर उंचवटा आला होता आणि तिथनं हात जरासा बाजूला गेला होता. बोटं मिटत नव्हती आणि पुरती उघडतही नव्हती.

"आबा," लेक म्हणाली, "हे वाकडं बसलंय. उद्याच दाखवूया."

"बांधलेला हात सोडल्यावर आखडलेलाच असतो. तेल लावलं की सुटंल. माझं बोट..."

"तुमचं बोट आणि आईचं मनगट एकच हाय व्हय?"

मी तिला म्हणालो, "तू आधी सुखरूप बाळंत हो. मग मला शिकव." आणि परड्यात गेलो. दोन दिवस आम्ही बाप-लेक एकमेकांशी बोललो नाही. निरोप बायकोतर्फे जायचे. एकाच खोलीत बसून. "आई, आबांना सांग भाकरी झाली." "तिला म्हणावं ऐकू आलं." बायको मधे बसून दोघांकडं बघायची आणि तिला हसू यायचं.

मी रोज तिच्या हाताला कोमट तिळेल चोळायचो. सकाळ-संध्याकाळ, अर्धा अर्धा तास. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण इतका वेळ तिचा हात माझ्या हातात कधी नव्हता. ती लोकरीचा गुंडा मुठीत धरून दाबायची. मी विचारायचो, "सुटतोय का?" ती म्हणायची, "सुटंल की हळूहळू." दुखतंय असं कधी म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. दुखतंय म्हणाली असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

संध्याकाळी दिव्याच्या आधी माप व्हायचं. मी विणलेलं तिच्या मांडीवर पसरायचो. ती उजवा हात ठेवायची. डाव्यानं मापायची तिला सवयच नव्हती. म्हणायची, "आणि चार ओळी." दुसऱ्या दिवशी, "झालं. काखेचे टाके मिटवा." मग शेवटी, "एक वीत आणि दोन बोटं. आता खांदा घ्या." मला वाटायचं, बरंच लवकर होतंय की. विणकामावर माझा हात बसला म्हणून मी खूश.

मृग लागला आणि लेक बाळंत झाली. मुलगी. रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो. हो, दवाखान्याच्या. बाळंतपणाला मी न्हाय म्हणालो नव्हतो, एवढी अक्कल होती. चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. स्वेटराची एक बाही राहिली होती. तसंही आमच्यात तान्ह्याला आधी जुनंच घालतात, नवं बारशाच्या दिवशी. बायकोनं ट्रंकेतनं लेकीचा तान्हेपणीचा स्वेटर काढला. तिनंच विणलेला, अठ्ठावीस वर्षं डांबरगोळीत जपलेला. सायीचा रंग पिवळा पडला होता. नातीला तो अगदी मापात बसला.

मग न्हाण्याचा प्रश्न आला. आमच्यात बाळाला न्हाऊ घालायचं ते आईच्या आईनं. पाय लांब करून बसायचं, बाळ पायावर पालथं घ्यायचं, एका हातानं धरायचं आणि एका हातानं तेल जिरवायचं. बायकोनं आदल्या दिवशीच तेल, डाळीचं पीठ, वेखंड सगळं काढून ठेवलं होतं. न्हाणीत जाऊन पाट मांडून बसली. लेकीनं बाळ तिच्या पायावर ठेवलं. तिनं उजवा हात बाळाच्या पाठीवर नेला. हात पाठीवर सपाट पडेना. मनगट वळेना. बाळ तेलानं निसटायला लागलं तशी लेकीनं झटकन उचललं.

बायको म्हणाली, "काकूला बोलव."

शेजारची काकू आली आणि तिनं न्हाऊ घातलं. चांगलं घातलं. बायको दाराशी टॉवेल धरून उभी होती. रोज तशीच उभी राहायची. पाणी अंगावर पडलं की बाळ गप्प व्हायचं, डोळे मिटायचं, आणि बायको टॉवेल छातीशी धरून बघत राहायची. मी एकदा म्हणालो, "अजून पंधरा दिवसांत सुटंल हात." ती नेहमीसारखं व्हय म्हणाली नाही. टॉवेलाची घडी घालत होती.

दहाव्या दिवशी दुपारी स्वेटर झाला. शिवण लेकीनं घातली, बटणं काकूनं लावली. मी तो दोन हातांवर घेऊन आत आलो, ताट आणल्यासारखा. बाळ झोपलं होतं. लेकीनं जुना स्वेटर धुऊन वाळवलेला, तो चटईवर पसरला आणि शेजारी माझा ठेवला.

माझा स्वेटर बेडकासारखा दिसत होता. आडवा ऐसपैस आणि लांबीला आखूड.

काकूला आवरेना. "दादा, हे बाळाला हाय का उशीला?"

लेक हसायला लागली, बाळंतपणाचे टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायला लागली. बायको वाकून बघत म्हणाली, "किती घातले वं तुमी?"

"अडुसष्ट."

"साठ सांगितलं होतं की!"

"लोखंड आकसतंय," मी म्हणालो. "म्हणून जरा वाढवलं."

काकू भिंतीला टेकून बसली. बायकोच्या डोळ्यांतनं पाणी आलं हसून हसून. मलाही हसू आलं. इतक्या दिवसांनी त्या घरात असं हसणं झालं. रुंदीची चूक माझी, ती मी कबूल केली. मग लेक डोळे पुसत म्हणाली, "पण आबा, लांबी कशी काय कमी भरली? लांबी तर आई मोजत होती."

मी म्हणालो, "ते तिला विचार. रोज एक वीत दोन बोटं घेतलीया."

बायको हसायची थांबली. जुना स्वेटर तिनं जवळ ओढला. त्याच्यावर डावा हात ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून, आणि पुढं दोन बोटं. बरोबर खांद्याच्या शिवणीपर्यंत. मग उजवा हात ठेवला. ताणला. करंगळी जिथं पोचायला हवी तिथं पोचली नाही. तीन बोटं जागा मधे उरली. तिनं परत ताणला, ओठ मिटून. पोचली नाही.

मग तिनं तोच हात माझ्या स्वेटरावर ठेवला. तिथं तो नेमका बसला. एक वीत आणि दोन बोटं.

काकू उठून आपल्या घरी गेली. लेक माझ्याकडं बघत होती, पण काही म्हणाली नाही. तिनं काही म्हणायला हवं होतं. भांडली असती तर मी भांडलो असतो.

बायकोनं हात पदराखाली घेतला. मला म्हणाली, "तुमचं विणकाम चांगलं झालंय. मापच चुकलं माझं."

मी परड्यात गेलो. पाणी घालायची वेळ नव्हती, तरी पाईप हातात घेतली. नळाला पाणी नव्हतं. मांडवाखाली बसलो आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटाकडं बघितलं, ज्याच्या जोरावर मी एवढी वर्षं बोलत होतो. बोट ते बोटच होतं. वाकत होतं, सरळ होत होतं. त्याचं काही म्हणणं नव्हतं. त्या खेड्यातल्या म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं होतं फोटो काढा म्हणून. दोनदा. त्याचाही दोष नाही. न्हाय म्हणणारा मी.

संध्याकाळी आत गेलो तर ती माझा स्वेटर बाळाच्या अंगावर धरून बघत होती. म्हणाली, "खालनं टाके उचलून तीन बोटं पट्टी वाढवली की होतंय. आणि रुंदीचं म्हणाल तर वर्षभर चालंल." स्वेटर वाचवायची वाट तिनं काढून ठेवली होती. हाताबद्दल एक शब्द नाही. मी तेल कोमट करून आणलं. तिनं हात पुढं केला. मी तेल लावलं, पण चोळायचा धीर झाला नाही. तसाच धरून बसलो. ती म्हणाली, "चोळा की." मी म्हणालो, "दुखतंय का?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

तिनं डाव्या हातानं बाळाचं पांघरूण सारखं केलं. "दुखतंय," म्हणाली. "पहिल्या दिवसापास्नं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेचारला नळ आला. मी बॅरल भरलं नाही. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि काकूच्या दाराची कडी वाजवली. बाळाचं न्हाणं आणि लेकीचं जेवण तुम्ही बघा, आम्ही जाऊन येतो, म्हणालो. कुठं, हे तिनं विचारलं नाही. बायकोला म्हणालो, "आवर." ती आवरून आली. मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या लायनीत मी पहिल्यांदा उभा राहिलो, सव्वा तास. नंबर आल्यावर आत गेलो. आमच्या लेकीच्या वयाची डॉक्टरीणबाई होती. तिनं कागदावरनं मान वर न करता विचारलं, "कधी पडल्या?"

बायको म्हणाली, "झालं की थोडे दिवस."

मी म्हणालो, "न्हाय. तीन महिने व्हायला आले. तिचा दोष न्हाय. मी आणली न्हाय."

डॉक्टरीणबाईनं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. मी टोपी काढली, बायकोचा हात पदराखालनं बाहेर घेतला आणि टेबलावर ठेवला.